चिकटवलेली दशकं

मोतीगुरुजींचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते बिचारं तिथेच राहिलं. बाकी सगळ्या जगासाठी ते मोतीगुरुजी. कारण त्यांचं अक्षर. शाळेतली प्रत्येक पाटी त्यांच्या हातची. नळावरची ‘पाणी जपून वापरा’ ही सूचना त्यांनी इतकी देखणी लिहिली होती की पालक नळ चालू ठेवून ती वाचत उभे राहायचे.

एकतीस वर्षं गुरुजी दुसरीचा वर्ग शिकवत होते. दुसरीच का, तर सुरुवातीला ती मिळाली म्हणून आणि नंतर सोडवेना म्हणून. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. मशीनचं चाक फिरवता फिरवता ती म्हणायची, “मुलं दरवर्षी तिसरीत जातात. तुम्हीच तेवढे नापास होऊन मागे राहता.” गुरुजी हसायचे. त्यांना तो विनोद मनापासून आवडायचा, कारण तो खरा होता आणि त्यात त्यांची काहीच तक्रार नव्हती.

गणित शिकवायची त्यांची एक पद्धत होती. सकाळी फळा ओल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा. मग पट्टी लावून मधोमध रेघ. डावीकडे दशकाचं घर, उजवीकडे एककाचं. घरात आकडे बसवायचे, तेही असे की आठाची दोन्ही पोटं सारखी भरलेली आणि सहाची शेपटी अगदी जागच्या जागी. मुलं ते बघून वहीत उतरवायची आणि सुरात नियम म्हणायची. “दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या चाराकडून एक घ्यायचा, दोनाचे झाले बारा!” खिडकीतून हा कोरस ऐकला की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाटायचं, काहीतरी शिक्षण चालू आहे.

गुरुजींच्या वर्गात एक दोन वेण्यांची मुलगी होती. तिला ते ‘चौकशी’ म्हणायचे. बाकीची मुलं उत्तर आलं की गप्प बसायची; हिला उत्तर आलं की प्रश्न पडायचा. एकदा कोरस संपल्यावर ती उभी राहिली.

“गुरुजी, चाराकडून एकच घेतला ना?”

“एकच.”

“मग दोन आणि एक तीन. बारा कसे?”

एकतीस वर्षांत गुरुजींना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही. ते म्हणाले, “नियम आहे बाळा. नियमाला ‘का’ विचारायचं नसतं.” चौकशी खाली बसली, पण तिचा चेहरा काही खाली बसला नाही.

त्याच वर्षी वरून पत्र आलं. यापुढे लहान वर्गांचं गणित फळ्यावर नाही, मुलांच्या हातात वस्तू देऊन शिकवायचं. प्रत्येक शिक्षकाने तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि तीन महिन्यांनी तपासणीसबाईंसमोर एक पाठ घेऊन दाखवायचा. पाठ जमला तर वर्ग तुमचा. नाही जमला तर ‘अन्य काम’. हे अन्य काम म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठ्यपुस्तकांचं गोदाम होतं. वर पत्रा, खाली सिमेंट, मधे पुस्तकं, आणि ती पुस्तकं वाचणारं एकही मूल अर्ध्या कोसात नाही.

गुरुजींच्या निवृत्तीला चार वर्षं होती. ती चार वर्षं दुसरीत काढायची, शेवटच्या दिवशी फळा पुसायचा आणि घरी जायचं, एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं होतं.

प्रशिक्षण घेणारी ताई निघाली त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसून नाक ओढायची. आता ती माइक हातात धरून म्हणाली, “सगळ्यांनी जमिनीवर बसा हं, गोल करून.” पन्नाशीतली पस्तीस माणसं खाली बसली तेव्हा गुडघ्यांचा असा कडकडाट झाला की ताईला वाटलं, साहित्याचीच मोडतोड झाली.

साहित्य म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड. दहा सुट्या काड्या मोजायच्या, रबर लावायचं, झालं एक दशक. गुरुजींनी दहा काड्या मोजल्या, रबर लावलं आणि तो गठ्ठा तळहातावर घेऊन ते बघत राहिले. इतकी वर्षं दहा लिहिले होते. दहा कधी हातात धरले नव्हते. त्या दहांना वजन होतं, जाडी होती. शेजारच्या शिक्षकाने विचारलं, “काय हो, वजन करताय का?” गुरुजी म्हणाले, “छान आहे हे,” आणि जरा लाजले.

हे सगळं पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई त्यांच्याजवळ आली. “गुरुजी, रागावू नका, पण एक काम होतं. उद्या मोठे साहेब हॉल बघायला येणार आहेत आणि आमचे तक्ते म्हणजे... तुम्हीच बघा.”

गुरुजींनी बघितले. तक्त्यांवरची अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

“मला असं लिहिता आलं असतं तर तुमच्या वर्गात नाक ओढत बसले असते का?” ताई म्हणाली. “तुमच्या हातचे होतील का?”

असं कुणी म्हटलं की गुरुजी विरघळायचे. दिवसभर व्हरांड्यात बसून त्यांनी अकरा तक्ते लिहिले. आत हॉलमध्ये बाकीचे शिक्षक काड्यांशी काहीतरी करत होते, हसत होते, मधेच टाळ्या वाजत होत्या. बाहेर गुरुजी ओठ दाबून ‘ळ’ला वळण देत होते. अकरावा तक्ता होता: ‘दशक सोडा, सुटे करा, मग वजा करा.’ त्यात ‘क्ष’ नसल्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं, कारण ‘क्ष’ त्यांचा खास होता. पण ‘दशक’मधल्या ‘श’ने कसर भरून काढली. ताईला तो तक्ता इतका आवडला की तिने तो त्यांनाच भेट दिला. “तुमच्या वर्गात लावा गुरुजी, फळ्याच्या वर.”

गुरुजींनी लावला. सुरेख दिसत होता.

शाळेत परतल्यावर पहिला आठवडा रबरबँडांनी गाजवला. रबरं तुटायची, उडायची. मागच्या बाकावरच्या मंडळींनी त्यांचा शस्त्रसाठा केला. एक रबर हेडसरांच्या चहात जाऊन पडलं आणि हेडसरांनी ते साय समजून चमच्याने काढलं. हे सगळं गुरुजी सोसू शकले असते. पण संध्याकाळी गठ्ठे गोळा करताना त्यांना कळायचं की एका दशकात नऊ काड्या आहेत आणि दुसऱ्यात अकरा. अकरा काड्यांचं दशक! शुद्धलेखन चुकलेला शब्द बघावा तसे ते त्या गठ्ठ्याकडे बघायचे.

म्हणून त्या रविवारी दुपारी घरात सुताराचा डिंक आला. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून गुरुजी बसले. सहा गट, प्रत्येक गटाला नऊ दशकं, म्हणजे चोपन्न गठ्ठे. प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी डिंक, दहा झाल्या की दोन विटांच्या मधे दाबून ठेवायच्या. वाळल्यावर निळा रंग, आणि निळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘१०’. सुट्या काड्या तांबड्या रंगवल्या. त्या प्रत्येक गटाला मोजून नऊ. एककाच्या घरात नवाच्या वर काही राहतच नाही, तर दहावी हवी कशाला?

बायको मशीनवरून बघत होती. कुणाच्या तरी झग्याला तिने कच्चा धागा घातला होता. “अहो, चिकटवताय कशाला? उद्या सोडायची वेळ आली तर?”

“सोडायची कशाला? आठवडाभर बांधून बांधून जीव गेलाय पोरांचा.”

“मी आपलं विचारलं. माझ्याकडे आधी कच्चा टाका असतो, उसवायला सोपा.”

“तुझं कापड आहे. हे गणित आहे,” गुरुजी म्हणाले आणि ‘१०’मधल्या शून्याला गोलाई देण्यात गढून गेले.

पुढचे दोन महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले म्हटलं तरी चालेल. तेवीस आणि चौदा! निळे दोन, निळा एक; तांबड्या तीन, तांबड्या चार. मुलं पटापट रचायची. अठ्ठेचाळीसमधून पंधरा काढा! एक निळा उचलला, पाच तांबड्या उचलल्या, उत्तर तयार. एक काडी इकडची तिकडे नाही. हातच्याची आणि उसन्याची गणितं तेवढी गुरुजी फळ्यावर उरकायचे. तिथे नियम होता आणि मुलांना तो पाठ होता. इतर वर्गांचे शिक्षक येऊन बघून जायचे. “गुरुजी, साहित्य असावं तर असं. नाहीतर आमच्या काड्या, सरपणाला ठेवल्यासारख्या!” घरी गुरुजी बायकोला म्हणाले, “चार वर्षं काढतो बघ आता दुसरीत.” ती म्हणाली, “काढा. पण मग पास व्हा.”

तपासणीचा दिवस आला. मागच्या भिंतीशी दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर तपासणीसबाई, दुसरीवर ताई. तपासणीसबाई मांडीवर कागद घेऊन बसल्या. मुलांनी पहिली तीन गणितं अशी सफाईने सोडवली की गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. ताईने तर मोबाइलवर त्या निळ्या गठ्ठ्यांचा फोटो काढला.

मग तपासणीसबाई गोड आवाजात म्हणाल्या, “आता एक माझं गणित. बेचाळीस वजा सात.” आणि नेमकं चौकशीकडे बोट केलं.

चौकशीने चार निळे आणि दोन तांबड्या समोर मांडल्या. दोनातून सात काढायचे. ती थांबली. दोन तांबड्यांकडे बघितलं, चार निळ्यांकडे बघितलं. मग एक निळा उचलून तिने तो आडवा धरला आणि त्याच्या कडेवरून नख फिरवलं. एक, दोन, तीन... दहा कडा होत्या. तिने मान वर केली आणि ओरडलीच.

“गुरुजी! ह्याच्यात दहा आहेत! हा सोडला की दहा आणि हे दोन, बारा! एक घ्यायचा म्हणजे एक काडी नाही, एक गठ्ठा!”

चार महिन्यांपूर्वीचा प्रश्न तिने एकटीने धरून ठेवला होता आणि आत्ता तो सुटला होता. आनंदाने तिचा चेहरा लालबुंद झाला होता. वर्गातल्या बाकीच्यांनी माना उंचावल्या. मागे ताई खुर्चीच्या काठावर आली.

चौकशीने गठ्ठा सोडायला घेतला. नखं लावली. पिळून बघितला. बाकाच्या कडेवर आपटला. मग दातांत धरून ओढला.

“सुटत नाही,” ती म्हणाली. मग फळ्याच्या वर बोट दाखवून तिने मोठ्याने वाचलं, “दशक सोडा, सुटे करा, मग वजा करा. तिथे लिहिलंय ना गुरुजी. मग हा सुटत का नाही?”

गुरुजींनी वर बघितलं. स्वतःचंच अक्षर होतं. त्यांनी ते दोन महिने रोज पाहिलं होतं. आज पहिल्यांदा वाचलं.

“गुरुजी,” तपासणीसबाई म्हणाल्या, “हे गठ्ठे सोडता येत नाहीत का?”

तोंडाला सवय असते. “छे!” गुरुजी म्हणाले. “पक्के आहेत. एक काडी हलणार नाही.” आणि म्हणता म्हणताच आपण काय म्हणालो ते त्यांना कळलं.

तेवढ्यात कट्‌ असा आवाज झाला. गठ्ठ्याचा कोपरा मोडला होता आणि चौकशीच्या ओठात कुसळ गेलं होतं. ती रडली नाही. तिने मोडका तुकडा तळहातावर ठेवून मोजायचा प्रयत्न केला. गुरुजी धावले. खरं तर म्हणायचं होतं, शाबास, तुझं बरोबर आहे. पण मागे कागदावर पेन चालत होतं, त्याचा आवाज त्यांना ऐकू येत होता. ते म्हणाले, “ओढू नको, मोडेल! सोड ते. फळ्यावर करू आपण. म्हणा सगळे, दोनातून सात जात नाहीत...”

सगळ्यांनी म्हटलं. चौकशीने म्हटलं नाही.

तास संपल्यावर व्हरांड्यात ताईने त्यांना गाठलं. “गुरुजी, असं कसं केलंत? दुसऱ्या दिवशी आपण दिवसभर सोडायचंच तर करत होतो.”

“दुसऱ्या दिवशी मी तक्ते लिहीत होतो,” गुरुजी म्हणाले.

ताईच्या लक्षात आलं. तिने पदराने नाक पुसलं, अगदी पहिल्या बाकावर पुसायची तसंच.

तिने रदबदली करून पाहिली. हेडसरांनीही केली. पण पाठ न जमलेल्यांची यादी वर गेली होती आणि वर गेलेली यादी खाली येताना फक्त शिक्का घेऊन येते. शेऱ्यात लिहिलं होतं: ‘वर्गाची शिस्त उत्तम. तक्त्यांचे अक्षर अप्रतिम. साहित्य निरुपयोगी.’

रविवारी दुपारी गुरुजींनी बादलीत गरम पाणी घेतलं आणि सगळे गठ्ठे त्यात टाकले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. बायकोने आपलं उसवायचं हत्यार आणून शेजारी ठेवलं. तासाभराने पाणी निळं झालं. ‘१०’ मात्र गेले नाहीत, ऑइलपेंट चांगला होता. दोघं मिळून एकेका गठ्ठ्याला भिडली. चोपन्नपैकी तीन सुटले, तेही वाकडे होऊन.

“बाजारात दुसऱ्या काड्या मिळतील,” बायको म्हणाली.

“मिळतील,” गुरुजी म्हणाले. “वर्ग कुठे मिळेल?”

ती उठली. हात पुसत आत गेली. बऱ्याच वेळाने मशीनचा आवाज सुरू झाला.

कार्यमुक्त व्हायच्या दिवशी गुरुजी वर्गाची कपाटं सोपवायला गेले. नव्या बाई तरुण होत्या. त्यांच्या वर्गात काड्या जमिनीभर आणि रबरं हवेत होती. फळा दोन दिवसांत पुसला नव्हता. गुरुजींनी सवयीने फडकं शोधलं, मग हात मागे घेतला. चौकशी कोपऱ्यात बसली होती. ते तिच्याजवळ गेले, गुडघे वाजवत खाली बसले.

“बाळा, त्या दिवशी तुझं बरोबर होतं.”

“कुठल्या दिवशी?” ती म्हणाली. तिने हातातलं काम थांबवलं नव्हतं. “गुरुजी, हे बघा ना. हा एक गठ्ठा घ्यायचा. रबर काढायचं. सुटे झाले! आता मोजा.”

गुरुजींनी मोजले. दहा आणि दोन. बारा.

“सात उचला.”

त्यांनी उचलल्या. पाच उरल्या. तीन गठ्ठे आणि पाच.

“कळलं?” चौकशीने विचारलं, अगदी त्यांच्याच सुरात.

“कळलं,” गुरुजी म्हणाले.

“नुसतं कळलं म्हणू नका. आता तुम्ही करून दाखवा. एकेचाळीस वजा आठ.”

गुरुजींनी चार गठ्ठे ओढून घेतले, एक सुटी काडी ठेवली आणि एका गठ्ठ्याच्या रबराला बोट लावलं. तेवढ्यात शिपाई दारात आला. “गुरुजी, सही करताय ना? हेडसर निघालेत, ऑफिसला कुलूप लावायचंय.” गुरुजींनी गठ्ठा होता तसा खाली ठेवला.

“उद्या दाखवा,” चौकशी म्हणाली आणि पुढच्या गणिताला लागली.

गोदामात त्यांना गुरुजी कुणी म्हणत नाही. ‘नवे बाबा’ म्हणतात. पुस्तकं छापखान्यातून दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी येतात, सुतळीने आवळलेली. पहिल्याच आठवड्यात एका लहान शाळेच्या बाई उन्हातून आल्या. दुसरीची सात गणिताची पुस्तकं हवी होती. वर्गात मुलंच सात.

गुरुजी चटकन उठले. गठ्ठा काढला, टेबलावर ठेवला, सुतळीच्या गाठीत नख घातलं. गाठ सैल होती, नुसती ओढली की सुटली असती.

“अहो नवे बाबा! काय करताय?” पलीकडून भांडारपाल ओरडला. “गठ्ठा सोडायचा नाही! दहा न्या म्हणावं, नाहीतर पुढच्या महिन्यात या.”

“सातच हवीत त्यांना. सोडला की सात देता येतात आणि तीन उरतात.”

“ते मला येतं हो, दुसरी पास आहे मी. पण सुटी पुस्तकं ठेवायची कुठे? इथे नियम आहे.”

गुरुजींना विचारायचं होतं, का? पण नियमाला काय विचारतात आणि काय नाही ते त्यांनीच एकतीस वर्षं शिकवलं होतं. त्यांनी गाठ पुन्हा घट्ट केली. बाई रिकाम्या हाताने उन्हात परत गेल्या.

संध्याकाळी भांडारपालाने त्यांच्यापुढे कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टाकला. पुस्तकांच्या प्रत्येक गठ्ठ्यावर आकडा लिहून डकवायचा होता. गुरुजींनी चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि लिहायला सुरुवात केली. १०. १०. १०. भांडारपाल सहज डोकावला आणि बघतच राहिला. “बाबा, काय अक्षर आहे तुमचं!” तो म्हणाला. “आधी कुठे होतात एवढी वर्षं?”

“दुसरीत,” गुरुजी म्हणाले आणि पुढची चिठ्ठी घेतली.